देव शेवटपर्यंत राखतो का? विश्वासात टिकून राहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायबल अभ्यासाच्या वर्गात येतात, अंत्यविधीनंतर घरात बसलेलो असताना येतात आणि पुष्कळदा रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर येतात. विचारणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, भाषा मात्र शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. उत्तरे रिफॉर्म्ड, म्हणजे प्रेस्बिटेरियन वळणाच्या शिकवणुकीतून दिली आहेत. इतर मंडळ्यांचे म्हणणे प्रश्न 19 आणि 20 मध्ये आहे. जे घाबरून इथे आले आहेत त्यांनी क्रम सोडून आधी प्रश्न 11 वाचावा.

1. "देव विश्वासणाऱ्याला शेवटपर्यंत राखतो" म्हणजे नेमके काय?

ज्याला देवाने ख्रिस्ताशी जोडले आणि ज्याच्या ठायी पवित्र आत्म्याने खरा विश्वास उत्पन्न केला, तो त्या विश्वासातून पूर्णपणे आणि कायमचा निसटून जाणार नाही. देव त्याला राखील आणि तो मरेपर्यंत विश्वासात राहील. तो कधी अडखळणार नाही, थंड पडणार नाही, मोठ्या पापात सापडणार नाही, असे मात्र या शिकवणुकीत कुठेही म्हटलेले नाही.

टिकायचे माणसालाच असते. विश्वास तोच ठेवतो, प्रार्थना तोच करतो, पश्चात्तापही त्यालाच करावा लागतो. पण तो टिकला कशामुळे, असे विचाराल तर कारण देवात सापडते. फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्ये पौल भीत व कापत आपले तारण साधून घ्या म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की तुमच्या ठायी इच्छा आणि कृती दोन्ही साधणारा देवच आहे.

2. हे शास्त्रात कुठे लिहिले आहे? वचने द्या.

योहान 10:28-29 पासून सुरुवात करा. येशू म्हणतो, माझ्या मेंढरांना मी सार्वकालिक जीवन देतो, त्यांचा कधीही नाश होणार नाही, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. आणि लगेच पुढे पित्याच्या हाताविषयी तेच सांगतो. योहान 6:39 मध्ये पित्याची इच्छा येते: पुत्राला दिलेल्यांपैकी एकही हरवू नये. रोमकरांस 8:30 मध्ये ज्यांना पाचारण झाले तेच नीतिमान ठरवले जातात आणि ज्यांना नीतिमान ठरवले त्यांचाच गौरव होतो; मध्येच कुणी गळाल्याचा उल्लेख नाही. मग फिलिप्पैकरांस 1:6, 1 करिंथकरांस 1:8-9, 1 थेस्सलनीकाकरांस 5:23-24 आणि यहूदाच्या पत्रातले 24 वे वचन वाचा.

मला विचाराल तर 1 पेत्र 1:5 वर जास्त वेळ थांबा. पेत्र आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, नाना परीक्षांनी दुःखी झालेल्या लोकांना लिहितो आहे. वतन स्वर्गात राखून ठेवले आहे, असे आधी सांगतो आणि मग म्हणतो की ते ज्यांना मिळायचे आहे तेही देवाच्या सामर्थ्याने, विश्वासाच्या द्वारे राखले जात आहेत. विश्वास बाजूला सारून देव कुणाला राखत नाही. तो विश्वासच जिवंत ठेवतो आणि तसे राखतो. हे लिहिणारा माणूस कोण, हे विसरू नका (प्रश्न 6).

3. दुसरा कोणी हिसकावणार नाही हे पटले. पण मी स्वतःच देवाचा हात सोडला तर?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. योहान 10:28 मध्ये हिसकावण्याच्या आधी "त्यांचा कधीही नाश होणार नाही" असे आहे आणि त्या वाक्याला कसलीही अट जोडलेली नाही. रोमकरांस 8:39 मध्ये पौल शेवटी "दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू" म्हणतो, आणि मीही सृष्ट वस्तूच आहे.

तरीही तुमची भीती खरी आहे, कारण आपले मन आपण ओळखतो. म्हणून यिर्मया 32:40 पाहा. इस्राएलाने करार पुन्हा पुन्हा मोडला होता. लोकांच्या मनाचा भरवसा नाही हे देवाला पुरते ठाऊक होते. तेव्हा तो दोन वचने एकत्र देतो: मी त्यांचे हित करण्यापासून फिरणार नाही, आणि त्यांनी माझ्यापासून फिरू नये म्हणून मी माझे भय त्यांच्या मनात घालीन. तुमचे फितूर होऊ शकणारे मनदेखील त्याने आपल्या वचनात धरले आहे. बळजबरीने तो कुणाला डांबून ठेवत नाही. तो मनच असे बदलतो की भटकलेला माणूस परत यायला तळमळतो.

4. म्हणजे "एकदा तारण, कायमचे तारण"? मग कसेही वागले तरी चालेल?

शब्द तेच असले तरी बहुतेक वेळा त्यातून भलताच अर्थ काढला जातो. वीस वर्षांपूर्वी सुवार्ता सभेत हात वर केला, पुढे जाऊन प्रार्थना म्हटली, त्यानंतर ना शास्त्र ना मंडळी ना पापाची खंत, आणि तरी "माझे तारण पक्के आहे" ही खात्री. असले आश्वासन शास्त्र कुणालाही देत नाही. मत्तय 7:21-23 मधले लोक "प्रभू, प्रभू" म्हणत होते, येशूच्या नावाने अद्भुते केल्याचेही सांगत होते.

देव ज्याला राखतो त्याला पवित्रतेच्या वाटेवर राखतो. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा प्रश्न रोमकरांस 6:1 मध्ये पौलालाही विचारला गेला होता. आपण कृपेखाली आहोत हा परवाना समजून जो निर्धास्त पाप करतो, त्याला या शिकवणुकीत दिलासा शोधायचा अधिकार नाही. त्याने इशाऱ्यांची वचने वाचावीत (प्रश्न 8 आणि 9).

5. खरा विश्वासणारा मोठ्या पापात पडू शकतो का?

पडू शकतो. दाविदाने व्यभिचार केला आणि तो झाकण्यासाठी उरीयाला युद्धात मारवले. हॉलंडमध्ये 1618-19 मध्ये भरलेल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या डॉर्टच्या सभेने (प्रश्न 18) हे लपवले नाही. विश्वासणारे जागृत राहून प्रार्थना करत नाहीत तेव्हा घोर पापात ओढले जातात, देवाला दुःख देतात, आपल्या विवेकाला जबर जखम करतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावतात, असे तिने स्पष्ट लिहिले. पण देव आपला आत्मा त्यांच्यापासून पूर्णपणे काढून घेत नाही आणि त्यांना पश्चात्तापाकडे परत आणतो, हेही लिहिले.

परत आणणे नेहमी हळुवार नसते. दाविदाकडे नाथान आला, मूल गेले, पुढे घरात तलवार शिरली. क्षमा मिळाली तरी काही परिणाम शेवटपर्यंत राहिले.

6. पेत्रानेही नाकारले आणि यहूदा इस्कर्योतानेही विश्वासघात केला. दोघांत फरक काय?

लूक 22:31-32 उघडा. त्या रात्री पेत्र अजून पडलेला नाही, आणि येशू त्याला सांगतो: सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पुढचा शब्द "जर" नाही. तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, असे तो म्हणतो. पेत्राचे परतणे येशूने आधीच गृहीत धरले होते.

पेत्र धाडसी होता किंवा मनाने जास्त चांगला होता म्हणून परत आला असे लूक म्हणत नाही. एका दासीच्या प्रश्नाने तो कोसळला. मग प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. यहूदालाही पस्तावा झाला, त्याने चांदीची 30 नाणी परत केली, पण तो ख्रिस्ताकडे वळला नाही. योहान 6:64 आणि 17:12 पाहता, त्याच्याकडे खरा विश्वास होता आणि मग तो गेला, असे शुभवर्तमान सांगत नाही.

तीच विनंती आजही चालू आहे. इब्री 7:25 नुसार ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. मला खात्री देणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

7. माझा बाप्तिस्मा लहानपणी झाला, दृढीकरणही झाले. तेवढे पुरे आहे का?

बाप्तिस्मा ही देवाच्या वचनाची खूण आहे आणि तिला हलके लेखू नका. पण खूण मिळाली म्हणजे जिच्याकडे ती बोट दाखवते ती वस्तू आपोआप हाती आली असे होत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्या वेळी त्या प्रौढ आणि विद्वान होत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत म्हटले. प्रत्यक्ष ख्रिस्तावर भरवसा टाकण्यापर्यंत मध्ये बरीच वर्षे गेली. रजिस्टरमधल्या नोंदीवर न थांबता ज्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला त्याच्याकडे जा.

8. इब्री 6:4-6 चे काय? तिथे तर पतन झालेल्यांना परत आणणे अशक्य म्हटले आहे.

हा उतारा कठीण आहे. सोपा असल्याचे कुणी सांगितले तर त्याने तो पूर्ण वाचलेला नाही. एकदा प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, देवाच्या वचनाची आणि येणाऱ्या युगाच्या सामर्थ्याची रुची घेतलेले लोक जर पतन पावले, तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे लेखक म्हणतो. वर्णन खऱ्या विश्वासणाऱ्याचे वाटते, म्हणूनच पोटात गोळा येतो.

आता मागची पाने उलटा. अध्याय 3 आणि 4 मध्ये अरण्यातली पिढी आहे. त्यांनी लाल समुद्र ओलांडला, मान्ना खाल्ला, देवाची कृत्ये 40 वर्षे पाहिली, आणि अविश्वासामुळे विसाव्यात गेले नाहीत. देवाच्या लोकांमध्ये राहून, त्याच्या सामर्थ्याची चव घेऊनही मन कठीण ठेवता येते. येशूने बारा जणांना पाठवले तेव्हा त्यांत यहूदाही होता. इब्री 3:14 आणखी स्पष्ट आहे: आरंभीचा भरवसा शेवटपर्यंत दृढ धरला तर आपण ख्रिस्ताचे भागीदार झालो आहोत. टिकणे ही भागीदारी खरी असल्याची खूण आहे.

6:7-8 मध्ये लेखक जमिनीचे उदाहरण देतो. पाऊस दोन्ही जमिनींवर तोच पडतो. एक पीक देते, दुसरी काटेकुसळे. पतन पावलेल्यांनी पाऊस प्यायला होता, पीक नव्हते. आणि 9 व्या वचनात तो वाचकांना "प्रियजनहो" म्हणून हाक मारतो आणि तुमच्याविषयी याहून चांगल्या, तारणाशी निगडित गोष्टींची आमची खात्री आहे असे सांगतो. म्हणजे आधीच्या गोष्टी कितीही मोठ्या असल्या तरी तारणापेक्षा कमी होत्या.

सगळे अभ्यासक असे वाचत नाहीत. काहींच्या मते हे खऱ्या विश्वासणाऱ्यांविषयीच आहे आणि ते खरोखर गळू शकतात. मेथडिस्ट परंपरेत हे मत बळकट आहे (प्रश्न 20). मला मात्र 9 वे वचन बाजूला ठेवता येत नाही.

हा उतारा वाचून जो रडतो त्याच्याविषयी एक सांगायला हवे. इथले लोक देवाच्या पुत्राला पुन्हा वधस्तंभावर देतात, त्याची उघड अप्रतिष्ठा करतात आणि पश्चात्तापाकडे वळत नाहीत. ज्याला ख्रिस्त हवा आहे त्याचे हे चित्र नव्हे.

9. देव राखणारच असेल तर इतके इशारे कशासाठी?

कारण देव इशाऱ्यांनीच राखतो. प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे, जहाज वादळात सापडले आहे, त्यावर 276 माणसे आहेत. देवदूताचा निरोप मिळाल्यावर तो सांगतो की कुणाच्याही जिवाची हानी होणार नाही. पुढे खलाशी होडी सोडून पळू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो: हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचू शकणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले, आणि सगळे सुखरूप किनाऱ्याला लागले.

वचन पक्के होते, इशाराही खरा होता. दोर कापले नसते तर काय झाले असते असे विचारण्याची वेळ आली नाही, कारण देवाने शेवट ठरवला तसा मार्गही ठरवला होता. मत्तय 24:13, "जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तारला जाईल," हे वचन असेच वाचा.

10. प्रकटीकरण 3:5 मध्ये नाव पुसले जाण्याची गोष्ट आहे ना?

तिथे येशू विजयी होणाऱ्याला सांगतो की मी तुझे नाव जीवनाच्या पुस्तकातून मुळीच पुसणार नाही. हे अभिवचन आहे. त्याला उलटे करून धमकी बनवू नका.

11. मला आतून खात्रीच वाटत नाही. म्हणजे मी विश्वासणारा नाही का?

राखले जाणे वेगळे आणि आपण राखलेले आहोत असे वाटणे वेगळे. 1646 साली लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात यासाठी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत: 17 वे टिकून राहण्याविषयी, 18 वे खात्रीविषयी. दुसऱ्यात म्हटले आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळेपर्यंत दीर्घकाळ थांबावे लागू शकते, पुष्कळ झगडावे लागू शकते, आणि मिळालेली खात्री डळमळू शकते. एक मंडळी आपल्या अधिकृत विश्वासपत्रात हे लिहून ठेवते यात मोठी दया आहे.

बहुतेक जण आधी आत पाहतात: माझा विश्वास पुरेसा आहे का, माझे रडणे खरे होते का, ती प्रार्थना मनापासून होती का? ही चौकशी कधी संपत नाही. आधी वचनाकडे पाहा. योहान 6:37 मध्ये येशू म्हणतो की माझ्याकडे येणाऱ्याला मी कधीच घालवून देणार नाही. येणाऱ्याचा विश्वास किती मोठा असावा याचे माप तिथे दिलेले नाही. त्यानंतर फळाकडे पाहा: पाप पूर्वीसारखे गोड लागत नाही का, बंधुजनांवर प्रीती आहे का, योहानाचे पहिले पत्र सांगते त्या खुणा, थोड्या का होईना, दिसतात का? आत्म्याची साक्ष (रोमकरांस 8:16) या दोन्हींबरोबर येते, त्यांना सोडून नाही.

स्वतःला हे सगळे दिसत नसेल तर तुम्हांला जवळून ओळखणाऱ्या विश्वासू माणसाला विचारा. आपले फळ आपल्याला कमीच दिसते.

12. माझ्या मनात पवित्र आत्म्याविषयी घाणेरडे विचार येतात. क्षमा न होणारे पाप माझ्याकडून घडले का?

नाही. मार्क 3:28-30 मध्ये शास्त्री येशूच्या डोळ्यांदेखत घडलेल्या कृत्यांना जाणूनबुजून, ठाम वैराने सैतानाचे काम म्हणत होते. नको असताना डोक्यात घुसणारे आणि तुम्हांला अस्वस्थ करणारे विचार ही वेगळी गोष्ट आहे. ते दिवसातून अनेकदा येत असतील आणि प्रत्येक वेळी ठरावीक प्रार्थना म्हटल्याशिवाय चैन पडत नसेल, तर तो ओसीडी, म्हणजे मंत्रचळ हा मानसिक आजार, असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. त्यावर उपचार आहेत.

13. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. प्रार्थना करवत नाही, देव दूर गेलासा वाटतो. माझा विश्वास संपला का?

कवी विल्यम कूपरने (1731-1800) पाळक जॉन न्यूटनबरोबर इंग्रजी मंडळीला अजून गायली जाणारी गीते दिली. 1773 नंतर आपण देवाने टाकलेले आहोत ही समजूत त्याला पुन्हा पुन्हा घेरत राहिली आणि शेवटपर्यंत ती पूर्ण सुटली नाही. त्याच्या मनाने दिलेला निकाल देवाचा निकाल होता असे मी मानत नाही, तुमच्या मनाचाही मानत नाही.

गोळ्या बंद करू नका. "विश्वास असता तर गोळ्या लागल्या नसत्या" असे कुणी म्हटले तर त्याचे ऐकू नका, तो पाळक असला तरी. प्रार्थना करवत नसेल तर स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते आणि तरी ते शास्त्रात आहे. तेही जमत नसेल तर दुसऱ्याला सांगा की माझ्या शेजारी बसून तू प्रार्थना कर.

14. आमच्या घरातल्या विश्वासणाऱ्याने आत्महत्या केली. त्याला देवाने राखले नाही का?

शेवटच्या कृत्यावरून त्याच्या आयुष्याचा निकाल लावू नका. पश्चात्तापाला वेळ मिळाला नाही म्हणून तारण गेले, हा युक्तिवाद टिकत नाही. आपल्यापैकी कुणीही मरताना प्रत्येक पाप कबूल करून जाणार नाही. आपले तारण शेवटच्या श्वासाच्या आधी यादी पूर्ण करण्यावर उभे नाही, ख्रिस्तावर आहे. रोमकरांस 8:38 मध्ये देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू न शकणाऱ्या गोष्टींत पहिले नाव मरणाचे आहे. आजारात तुटलेल्या मनाचा माणूस त्या हातातून सुटला असे मी म्हणणार नाही.

पण हे उत्तर तुम्ही स्वतःसाठी वाचत असाल, तर ते तुम्हांला जायची परवानगी म्हणून लिहिलेले नाही. आत्ताच घरातल्या कुणाला उठवा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला 14416 वर फोन करा. तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येते. देव राखतो तो बऱ्याचदा फोन उचलणाऱ्या माणसाकरवी.

15. आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. येशूचे नावसुद्धा आठवत नाही. तिच्या विश्वासाचे काय?

आमच्या एका आजींना घरी प्रभुभोजन दिले जाते. खाटेशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरतात, त्यावर भाकर आणि छोटा पेला. आजी मुलाला "तुम्ही कुठून आलात?" असे विचारतात. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ओठ हलू लागतात आणि "आमची रोजची भाकर" पर्यंत आवाज येतो, मग तुटतो. कधी त्या भाकर हातात घेऊन नुसत्याच बघत राहतात. मग सून हात धरून तोंडाशी नेते.

ते अर्धे शब्द ऐकून आम्हांला आनंद होतो. पण आजींचे तारण त्या शब्दांवर टेकलेले नाही, आणि तेही एक दिवस जातील. यशया 46:4 मध्ये देव म्हणतो की तुमच्या म्हातारपणापर्यंत मी तोच आहे, तुमचे केस पिकेपर्यंत मी तुम्हांला वागवीन. आपले कोण आहेत हे प्रभू ओळखतो (2 तीमथ्य 2:19). आईला आठवत नसले तरी तिला ओळखणारा विसरलेला नाही. तिच्याजवळ गीते म्हणत राहा.

16. आमचा मुलगा संडे स्कूलमध्ये वाढला, युवक संघात पुढे होता. आता देवच नाही म्हणतो. तो गेला का?

दोन शक्यता आहेत आणि त्यांतली कोणती खरी हे आज तुम्हांला कळणार नाही. एक, त्याच्यात खरा विश्वास कधी रुजलाच नव्हता. 1 योहान 2:19 मध्ये निघून गेलेल्यांविषयी तसे म्हटले आहे. दुसरी, तो भटकला आहे आणि देव त्याला परत आणील. दोन्हींत तुम्ही करायचे काम एकच आहे.

2 तीमथ्याच्या चौथ्या अध्यायात 10 वे आणि 11 वे वचन लागोपाठ वाचा. देमास आताच्या जगाची आवड धरून पौलाला सोडून गेला. लगेच पुढे: मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा मार्क पंफुल्यात सोबत्यांना सोडून परतला होता आणि त्याच्यावरून पौल-बर्णबांत तीव्र मतभेद झाला होता. सोडून गेले त्या दिवशी दोघे सारखेच दिसले असते. म्हणून मुलगा जिवंत आहे तोवर "तो आमचा नव्हताच" हे वाक्य त्याच्या तोंडावर किंवा नातेवाइकांत उच्चारू नका. जेवायला बोलवा. नाताळला त्याचे ताट ठेवा. वाद घालायचाच असेल तर वर्षातून एकदा घाला. प्रार्थना रोज करा.

17. सासरच्यांच्या भीतीने मी "मी ख्रिस्ती नाही" असे सांगितले, पूजेलाही बसले. आता प्रभुभोजनाला जायची हिंमत होत नाही.

इ.स. 250 मध्ये रोमी सम्राट डेसियसने सगळ्यांना देवतांना बळी वाहून तसा दाखला घ्यायला लावला. पुष्कळ ख्रिस्ती घाबरले आणि त्यांनी बळी वाहिला. काहींनी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ थांबल्यावर ते रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोवाशियनने अशांना परत घ्यायचे नाही असा हट्ट धरला. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या बिशपांनी पश्चात्तापाचा काळ ठरवून परतीची वाट ठेवली. त्यांनी पापाला पाप म्हटले आणि दारही उघडे ठेवले. 258 मध्ये सिप्रियनने स्वतः रक्तसाक्ष दिली.

ताई, तुमच्यावर केवढा दबाव होता हे देव जाणतो. पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू बाईला खाजगीत सांगा, पाप कबूल करा आणि प्रभूच्या मेजाकडे परत या. घरात मारहाणीचा धोका असेल तर तेही त्यांना सांगा. आधी सुरक्षित राहण्याची व्यवस्था करायची. पेत्राविषयी प्रश्न 6 मध्ये जे लिहिले ते तुमच्यासाठीही आहे.

18. ही शिकवण कॅल्विनने काढली ना?

नाही. कॅल्विन हा सोळाव्या शतकातला मंडळीचा सुधारक. त्याच्या कितीतरी आधी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इ.स. 428-429 च्या सुमारास शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मात्र खरोखर नीतिमान ठरलेल्या काहींनाही हे दान मिळत नाही आणि ते गळतात, असे त्याचे मत होते. रिफॉर्म्ड शिकवण इथे त्याच्या पुढे जाते.

हॉलंडमध्ये धर्मशास्त्राचा प्राध्यापक आर्मिनियस याच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमे मांडली. पाचव्यात त्यांनी विश्वासणारा गळू शकतो की नाही हे शास्त्रातून आणखी तपासायला हवे एवढेच म्हटले होते. पुढे ते "गळू शकतो" या बाजूला गेले. त्यावर 13 नोव्हेंबर 1618 ला डॉर्ड्रेख्त शहरात सभा भरली आणि मे 1619 पर्यंत चालली. ब्रिटन, जिनिव्हा आणि जर्मन प्रदेशांतूनही प्रतिनिधी आले होते. हीच डॉर्टची सभा.

19. माझे कॅथलिक शेजारी म्हणतात, कुणीही अशी खात्री बाळगू नये. का?

ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ठरवले की खास प्रकटीकरणाशिवाय, आपल्याला शेवटपर्यंत टिकण्याचे दान नक्की मिळेल असे कुणी पूर्ण निश्चयाने म्हणू नये. पण त्याच परिषदेने सर्वांनी देवाच्या साहाय्यावर अत्यंत दृढ आशा ठेवावी असेही म्हटले. वसईत किंवा गोव्यात रोझरी म्हणताना "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" आमच्यासाठी विनंती कर, असे मरियेला म्हटले जाते. शेवटच्या घडीला विश्वासात राहणे ही देवाकडून मिळायची गोष्ट आहे, ही जाणीव त्यामागे आहे. खात्रीविषयी आणि कुणाकडे विनंती करावी याविषयी आमचे मतभेद आहेत; टिकवणारा देव आहे याविषयी नाहीत.

20. मेथडिस्ट, लूथरन, पेंटेकोस्टल हे मानत नाहीत. मग त्यांच्याबरोबर उपासना करावी का?

अवश्य करा. जॉन वेस्लीने 1751 मध्ये खरा विश्वासणाराही विश्वास सोडून नाश पावू शकतो असे लिहिले, आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या त्याच बाजूच्या आहेत. लूथरन लोकांच्या 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकारातही एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकत नाही हे मत नाकारले आहे. महाराष्ट्रात स्कॉटिश मिशनने प्रेस्बिटेरियन वळण आणले, अमेरिकन मराठी मिशनने काँग्रिगेशनल. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा या दोन्ही धारांबरोबर अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि काही मेथडिस्टही एकत्र आले. त्यामुळे एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसे बसतात. प्रार्थनेत "प्रभू, मला शेवटपर्यंत सांभाळ" असे दोघेही म्हणतात.

21. वडील मंडळाने मला प्रभुभोजनापासून दूर ठेवले आहे. म्हणजे देवानेही सोडले का?

मंडळीची शिस्त योग्य असेल तर ती राखण्याचेच साधन आहे, प्रश्न 9 मधल्या इशाऱ्यांसारखे. 1 करिंथकरांस 5:5 मध्ये पौल कडक उपाय सांगतो, तो आत्मा तारला जावा म्हणून. आणि 2 करिंथकरांस 2:6-8 मध्ये शिस्त लागलेल्या एका माणसाविषयी तो मंडळीलाच बजावतो की झालेली शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो अतिशय दुःखात बुडून जाईल.

म्हणून घरी बसू नका. उपासनेला येत राहा, वचन ऐकायला तुम्हांला बंदी नाही. ज्या पापावरून शिस्त लागली ते सोडले असेल तर वडील मंडळाला लेखी कळवा, भेटीची वेळ मागा आणि कोणत्या दिवशी परत घेणार हे विचारा. ते टाळाटाळ करत असतील, किंवा शिस्तीमागे पापाऐवजी मंडळीतले राजकारण असेल, तर वरच्या मंडळाकडे, म्हणजे तुमच्या व्यवस्थेप्रमाणे प्रेस्बिटरी किंवा बिशपांकडे दाद मागा. पाप कबूल करून परतणाऱ्याला ताटकळत ठेवायचा अधिकार कुठल्याही वडील मंडळाला नाही.